उघड्या कॉइलची शेगडी नागपुरात कशी टिकली?

नागपुरात मेडिकल चौकाकडे किंवा नंदनवनात रूम करून राहणाऱ्या मुलामुलींकडे अजूनही मातीच्या चकतीतली, लालभडक कॉइलची शेगडी सापडते. गॅसचं कनेक्शन भाड्याच्या खोलीवर मिळवणं कटकटीचं. शेगडीला फक्त प्लग लागतो आणि कॉइल जळाली तरी नवी थोडक्या पैशांत मिळते. या शेगडीचे धोके मात्र तिच्या घडणीतच आहेत.

तारेतून वीज गेली की ती तापते, याचा हिशेब इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी 1841 मध्ये मांडला. 1892 मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात थॉमस अहर्न यांनी विजेवर शिजवलेलं जेवण एका हॉटेलात पाहुण्यांना वाढलं. खरी अडचण तारेची होती. लाल होईपर्यंत तापवलेलं लोखंड हवेत गंजून तुटतं, आणि प्लॅटिनम कोणाला परवडणार? अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम एकत्र करून वाट काढली. त्याचं पेटंट 1906 चं. या निक्रोम तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तोच आतल्या धातूला जपतो. माझ्या मते विजेच्या स्वयंपाकाचा सगळा इतिहास या एका तारेवर उभा आहे.

पुढे दोन वाटा झाल्या. एकीत तार स्प्रिंगसारखी वळवून भाजलेल्या मातीच्या खाचेत बसवली. दुसरीत तीच तार धातूच्या नळीत घालून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज नाही. पाश्चात्त्य घरांत ही बंद कॉइल रुळली. आपल्याकडे स्वस्त म्हणून उघडी टिकली.

उघड्या तारेत 230 व्होल्ट खेळत असतात. ती खाचेतून वर उचकटली आणि स्टीलच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, टेकली, तर गंजातच वीज उतरते. दूध उतू गेलं तरी तीच भीती. बटण न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारेवर बसवलेलं असेल तर ते बंद करूनही कॉइलमध्ये वीज राहते, म्हणून पुसण्याआधी प्लगच काढायचा आणि शेगडी थंड होऊ द्यायची.

तुटलेली कॉइल पिळून जोडण्याची सवय फार वाईट. 2000 वॅटची शेगडी साधारण 8.7 अँपिअर ओढते. तारेचा पाव भाग कमी झाला की विरोध घटतो आणि तीच शेगडी 2650 वॅटच्या वर जाते, प्रवाह साडेअकरा अँपिअरच्या आसपास. शेगडी जास्त लाल दिसते म्हणून मुलं खूश होतात, पण पिळलेला सांधा सगळ्यात आधी जळतो. शिवाय बऱ्याच खोल्यांत मोबाइल चार्जरचं 6 अँपिअरचं सॉकेटच असतं, ते धड शेगडीलाही पुरत नाही. 16 अँपिअरचं सॉकेट, जाड वायर आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डावर तर ती लावूच नये.

नवी घ्यायची असेल तर थोडे जास्त पैसे घालून बंद कॉइलची घ्यावी, आयएसआय चिन्ह पाहून. तिच्यावर सपाट बुडाचा गंज कॉइलएवढाच रुंद ठेवावा. गोल बुडाच्या कढईखाली बरीच उष्णता वाया जाते. भात शिजत आला की चार-पाच मिनिटं आधीच बटण बंद करावं, उरलेल्या धगीवर तो मुरतो. 2000 वॅटवर तासाला दोन युनिट पडतात, आणि खोलीचं बिल वेगळं असेल तर ही मिनिटं महिन्याअखेरीस दिसतात.