कॉलनी हायब्रिडायझेशन: हजारो कॉलन्यांतून एक जनुक शोधण्याची पद्धत कशी घडली

1970 च्या दशकात परक्या डीएनएचे तुकडे प्लाझ्मिडला (जीवाणूतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएला) जोडून ई. कोलाय या जीवाणूत घालणे जमू लागले आणि लगेच पुढची अडचण उभी राहिली. फळमाशीचा जीनोम साधारण 18 कोटी बेसजोड्यांचा. त्याचे 10 हजार बेसजोड्यांचे तुकडे केले, तर हवे ते जनुक हाती लागण्याची 99 टक्के खात्री मिळवायला 80 हजारांच्या वर कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले जीवाणूंचे ठिपके) चाळाव्या लागतात. प्रत्येकीचा डीएनए वेगळा काढत बसणे शक्यच नव्हते.

स्टॅनफर्डमधल्या मायकेल ग्रुनस्टीन आणि डेव्हिड हॉग्नेस यांनी 1975 मध्ये यावर तोड काढली. तिचे सुटे भाग आधीच तयार होते. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये मखमलीच्या ठशाने एका प्लेटवरच्या कॉलन्या त्याच मांडणीत दुसरीवर उतरवल्या होत्या. नायट्रोसेल्युलोजच्या कागदासारख्या फिल्टरला चिकटलेल्या एकपदरी डीएनएवर आरएनए जुळवण्याची रीत गिलेस्पी आणि स्पीगेलमन यांनी 1965 मध्ये मांडली होती. नवे होते ते एवढेच: कॉलनी फिल्टरवरच फोडायची, तिचा डीएनए जागचा हलू द्यायचा नाही आणि तिची जिवंत प्रत दुसऱ्या प्लेटवर राखून ठेवायची.

म्हणूनच पद्धतीतली बहुतेक पथ्ये जागा न हलण्याचीच आहेत. फिल्टर द्रावणात बुडवत नाहीत, 0.5 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने भिजवलेल्या जाड टिपकागदावर कॉलन्या वर ठेवून पाचेक मिनिटे ठेवतात. अल्कली खालून चढते, पेशी फुटतात, डीएनएचे पदर सुटतात. कागदावर द्रावणाचे तळे साचले असेल, तर ठिपके फराटले म्हणून समजा. मग ट्रिस बफरने उदासीनीकरण. इथे घाई नडते: पीएच चढा राहिला तर डीएनए नायट्रोसेल्युलोजवर नीट धरत नाही आणि पुढे 80 अंशांवर दोन तास भाजताना फिल्टर पिवळा पडून कुरकुरीत होतो. भाजायचे तेही निर्वातात, कारण नायट्रोसेल्युलोज पेट घेऊ शकते.

प्रोब म्हणजे हव्या जनुकाशी जुळून चिकटणारा, खूण लावलेला तुकडा. सुरुवातीला ही खूण किरणोत्सारी फॉस्फरस-32 ची असे आणि प्रोब चिकटलेली कॉलनी एक्स-रे फिल्मवर काळी उमटे. क्लोन केलेला तुकडा वाहक प्लाझ्मिडपासून न सोडवता प्रोब म्हणून वापरला, की फिल्मवर झाडून सगळ्या कॉलन्या काळ्या उमटतात, कारण वाहकाचा डीएनए प्रत्येकीत असतोच. पेशींचा चोथा राहिला तरी खोटे डाग येतात. त्यावर उपाय दोन जुळे फिल्टर. दोन्हींवर एकाच जागी उमटलेलाच डाग खरा मानायचा. फिल्म आणि प्लेट जुळवण्यासाठी सुईने विषम अंतरावर खुणा करतात. सम अंतरावर केल्या, तर फिल्टर कोणत्या बाजूने ठेवला होता हेच उमगत नाही.

बेंटन आणि डेव्हिस यांनी 1977 मध्ये हीच कल्पना लॅम्डा फेज या जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या प्लाकना, म्हणजे जीवाणूंच्या थरात त्याने पाडलेल्या मोकळ्या ठिपक्यांना, लावली. 1980 मध्ये हॅनाहन आणि मेसेल्सन यांनी दाट पेरलेल्या कॉलन्यांच्या प्रती फिल्टरवर फिल्टर दाबून काढल्या. त्याच वर्षी स्टॅनली फाल्को यांच्या गटाने जुलाबाचे विष बनवणारे ई. कोलाय ओळखायला ती वापरली आणि पद्धत रोगनिदानात आली.

पुढे पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) क्लोन शोधण्याचे बरेचसे काम काढून घेतले. मोजणीत मात्र ही पद्धत टिकली. कालवांतल्या (खाण्याच्या शिंपल्यांतल्या) व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस या जीवाणूच्या एकूण कॉलन्या ‘टीएलएच’ जनुकाच्या प्रोबने मोजतात आणि त्यांतल्या रोगकारक किती, हे ‘टीडीएच’च्या प्रोबने. किरणोत्साराऐवजी आता अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जोडलेला प्रोब असतो आणि ठिपके रंगाने थेट फिल्टरवरच दिसतात.