कोनाकृती वाहनरचना

कोनाकृती वाहनरचना : सपाट पृष्ठे, सरळ रेषा आणि धारदार कडा यांनी घडलेली मोटारगाडीची बाह्याकृती. नाकाशी निमुळती आणि मागे उंच होत जाणारी गाडी ‘पाचराकृती’ म्हणवते. पत्र्याला जाड कागदासारख्या घड्या घातल्याचा भास होतो ती ‘घडीच्या कागदाची’ शैली. या रचनेबद्दल मधले मत क्वचितच ऐकू येते. कोणाला ती धाडसी आणि स्वच्छ वाटते, तर कोणाला अर्धवट सोडलेल्या नमुन्यासारखी. या वादात आवडीनिवडीचे मुद्दे आणि सुरक्षिततेचे मुद्दे एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय वाद नीट समजत नाही, कारण आवडीनिवडीचे आक्षेप काळाबरोबर विरतात, सुरक्षिततेचे विरत नाहीत.

गाडीला नुसते कोपरे असले म्हणून वाद होत नाही. मर्सिडीज जी-क्लास (१९७९) चौकोनीच आहे. फियाट पांडा (१९८०) या गाडीला तर खर्च वाचवण्यासाठी सगळ्या काचा सपाट बसवल्या होत्या. त्यांच्या आकारामागचे काम पाहताक्षणी कळते, म्हणून लोक तो मुकाट्याने स्वीकारतात. कोपरा कामासाठी आहे की दिसण्यासाठी, हे उमगत नाही तेव्हा मतभेद सुरू होतात.

इतिहास : मार्चेल्लो गांदिनी हा बेर्तोने या इटालियन संस्थेचा रचनाकार. लॅम्बोर्गिनी मिउरा (१९६६) या अत्यंत वळणदार गाडीची आकृती त्याचीच. वेगात मिउराचे नाक वर उचलले जाई. दोनच वर्षांनी, १९६८ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात, त्याने अल्फा रोमिओ काराबो मांडली : उंची जेमतेम ९९ सेंमी., नाकापासून छतापर्यंत जवळजवळ एकच तिरपी रेषा आणि कात्रीसारखी वर उघडणारी दारे. वळणांचा उत्तम जाणकार स्वतःच्या मर्जीने सरळ रेषेकडे वळला, ही गोष्ट मला या शैलीच्या बाजूने फार बोलकी वाटते. १९७० साली तुरिनला आलेली लान्चा स्ट्राटोस झीरो सुमारे ८४ सेंमी. उंच होती आणि तिच्यात शिरायला पुढची काचच उचलावी लागे. १९७१ मध्ये जिनिव्हाला लॅम्बोर्गिनी कुंताशचा पहिला नमुना दिसला. १९७४ पासून १९९० पर्यंत तिचे उत्पादन चालले. तिच्यातून मागचे इतके कमी दिसे, की गाडी मागे घेताना चालक दार वर करून उंबऱ्यावर बसत आणि मान वळवून पाहत.

जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन रचनाकाराने हीच भाषा रोजच्या गाडीत आणली. फोक्सवॅगनच्या गोलमटोल बीटलची जागा घेणारी गोल्फ (१९७४) त्याच्या हातची. आज तिच्याकडे पाहून कोणाला धक्का बसत नाही. ब्रिटनमधली अ‍ॅस्टन मार्टिन लगोंडा (१९७६, रचनाकार विल्यम टाउन्स) मात्र पट्टीने आखल्यासारख्या लांबलचक अंगामुळे शेवटपर्यंत वादग्रस्त राहिली.

पुढे काय घडले ते नीट पाहण्याजोगे आहे. इंधन महागल्यावर हवेच्या विरोधाचा हिशेब महत्त्वाचा ठरला. १९८२ च्या आउडी १०० चा विरोध-गुणांक (हा आकडा जितका लहान, तितका हवेचा विरोध कमी) ०.३० होता आणि कंपनीने तो अभिमानाने मिरवला. त्याच वर्षी फोर्डची गुळगुळीत सिएरा आली, तेव्हा कोपऱ्यांना सरावलेल्या ब्रिटिश ग्राहकांनी तिला ‘जेलीचा साचा’ म्हणून हिणवले. म्हणजे त्या वेळी विचित्र ठरला तो गोलावा.

कडा कशामुळे येते : कडेमागे नेहमी रचनाकाराची लहर असते असे नाही. एफ-११७ या रडार चुकवणाऱ्या अमेरिकन लढाऊ विमानाला पैलू पडले ते गणितामुळे. १९७० च्या दशकातल्या संगणकांना रडारचे परावर्तन सपाट पृष्ठांपुरतेच मोजता येत होते. संगणक सुधारल्यावर आलेले बी-२ विमान वळणदार झाले. मोटारीत हीच भूमिका पत्र्याची असते. साधा पोलादी पत्रा साच्यात दाबून खोल वळणे काढता येतात. फार कठीण बेदाग पोलाद (स्टेनलेस स्टील) मात्र सरळ घडीवरच वाकवणे परवडते. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी दाखवलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकचे (रचनाप्रमुख फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन) सपाट अंग याच कारणाने तसे आहे, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी सांगितले. हे पोलाद दाबयंत्रात घातले तर यंत्रच मोडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य केला तरी एक प्रश्न उरतो : इतके कठीण पोलाद निवडण्याची गरज होती का? कारण आकाराचा निर्णय खरे तर तिथेच झाला.

सपाट पत्रा स्वस्त आणि सोपा असतो, हाही गैरसमज आहे. अगदी सपाट ठेवलेला मोठा पत्रा लवलवतो, दाबला की डबडब वाजतो. म्हणून दिसायला सपाट असलेल्या दारालाही किंचित फुगवटा देतात. वळणदार अंगावर लपून जाणारी बारीक लाट सपाट अंगावर प्रकाश पडताच उघडी पडते आणि दोन पत्र्यांमधली फट मिलिमीटरभर चुकली तरी डोळ्यांत खुपते. अंगावर रंगच नसेल, तर ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारून दुरुस्ती झाकण्याची सोयही राहत नाही. १९८१–८२ मध्ये सुमारे नऊ हजार तयार झालेल्या, घासलेल्या बेदाग पोलादाच्या डीलोरियन गाडीच्या मालकांना हे चांगलेच ठाऊक आहे. ही गाडीही जुजारोचीच. ती बाजारात पडली, कंपनी बुडाली. नंतर १९८५ च्या एका लोकप्रिय चित्रपटात ती झळकली आणि तोच आकार लाडका झाला. पत्र्याची एकही घडी बदलली नव्हती.

हवेच्या बाबतीत सर्रास केला जाणारा आक्षेप अर्धाच खरा आहे. पुढच्या बाजूची धारदार कड प्रवाह फाडते आणि विरोध वाढवते. मागे मात्र तीक्ष्ण कड उपयोगी पडते. तिथे प्रवाह एका ठरलेल्या रेषेवर सुटतो. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याच्या संशोधनावरून गाड्यांची शेपटी उभी छाटण्याची पद्धत आली ती यामुळेच. मागच्या उताराचा कोनही निर्णायक असतो. एस. आर. अहमद व सहकाऱ्यांनी १९८४ साली साध्या ठोकळ्यावर केलेल्या प्रयोगांत हा कोन ३०° च्या आसपास असताना विरोध कळसाला पोचला आणि त्यापुढे एकदम कोसळला.

मतभेदाची मुळे : मोशे बार आणि मायटाल नेटा या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी टोकदार वस्तूंपेक्षा गोलसर कडांच्या वस्तू अधिक पसंत केल्या. टोक नकळत धोक्याची जाणीव देत असावे, असा अर्थ त्यांनी लावला. दुसरीकडे रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच दाखवले होते, की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस पडली, एवढ्यानेही ती आवडू लागते. गोल्फ आणि सिएरा यांची हकिगत दुसऱ्या निष्कर्षाला बळ देते. टोकाविषयीची उपजत नावड खरी असली, तरी सवय तिच्यावर मात करते. म्हणूनच पहिल्या दिवशीच्या नापसंतीवरून एखाद्या आकाराला कुरूप ठरवून मोकळे होणे मला घाईचे वाटते.

पादचाऱ्याच्या सुरक्षिततेला मात्र सवयीचा उपाय लागू पडत नाही. आदळणाऱ्या माणसाचा भार मोठ्या पृष्ठावर पसरला तर इजा कमी होते. कड तो भार एका रेषेवर एकवटते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. २६ नुसार गाडीच्या बाह्यांगावरील पुढे आलेल्या भागाची वक्रता-त्रिज्या २.५ मिलिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही. युरोपात बोनेट आणि पुढचा भाग पादचाऱ्याच्या डोक्याला व पायाला किती मार देतो, याच्याही चाचण्या बंधनकारक आहेत. त्यामुळे तिथल्या टोकदार दिसणाऱ्या गाड्यांच्या कडा जवळून पाहिल्या तर गोलावलेल्या असतात. टोक दिसते ते छायाप्रकाशामुळे. रचनाकाराचे खरे कसब मला या मिलिमीटरांत दिसते.

ह्युंदाईची आयोनिक ५ (२०२१) अशाच बेताची आहे. ती जुजारोने रेखलेल्या ह्युंदाईच्याच १९७५ च्या पोनी गाडीची आठवण जागवते आणि तिच्या दारांवर तिरप्या घड्या आहेत. पोनीचेच पाचराकृती भावंड, पोनी कूपे, १९७४ साली तुरिनला दाखवले गेले. ते उत्पादनात आले नाही आणि मूळ गाडीही हरवली. २०२३ मध्ये कंपनीने ती नव्याने बांधून घेतली. काम जुजारोच्याच हाती सोपवले होते आणि तयार गाडी इटलीतल्या कोमो सरोवराकाठी लोकांसमोर आली.