पार्श्वभूमी : ‘फास्टिंग इन्सुलिन’च्या आकड्यामागे

‘फास्टिंग इन्सुलिन’च्या, म्हणजे उपाशीपोटी रक्तात इन्सुलिन किती ते सांगणाऱ्या रिपोर्टवर आकड्यापुढे जे एकक छापलेलं असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. मायक्रोयुनिट, म्हणजे युनिटचा दहा लाखावा भाग. एका वेळी दहा-वीस युनिट टोचून घेणाऱ्याला यावरून कळावं की रक्तातलं इन्सुलिन मोजणं म्हणजे काय चीज आहे. १९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिन हाती लागलं, पुढच्याच वर्षी ते पेशंटला दिलं गेलं. पण माणसाच्या रक्तात ते नेमकं किती, हे नीट मोजता यायला १९६० उजाडावं लागलं.

ज्या बाईंमुळे ते जमलं त्या डॉक्टर नव्हत्या. रोझलिन यॅलो यांचा जन्मही १९२१ चाच, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. घर ज्यू; आईवडिलांपैकी कुणी हायस्कूलपर्यंतही पोचलेलं नव्हतं. मुलीने शाळामास्तरीण व्हावं एवढीच घरच्यांची अपेक्षा, आणि मुलीला वेड फिजिक्सचं. ज्यू, त्यात बाई, तिला पुढे नोकरी कोण देणार, असा विचार करणाऱ्या विद्यापीठांनी दारं लावून घेतली. मागच्या दाराने का होईना, आत शिरावं म्हणून त्या सेक्रेटरीचं काम धरून स्टेनोग्राफी शिकू लागल्या. १९४१ मध्ये शिकवता शिकवता फिजिक्सचं पुढचं शिक्षण घेण्यासाठी इलिनॉय विद्यापीठाचं बोलावणं आलं आणि त्यांनी स्टेनोग्राफीची पुस्तकं फाडून टाकली. तिथे इंजिनिअरिंग कॉलेजच्या चारशे जणांच्या अध्यापकवर्गात त्या एकट्याच बाई. सगळ्या विषयांत ‘ए’, फक्त एका प्रॅक्टिकलला ‘ए मायनस’. विभागप्रमुख म्हणाले, बायकांना प्रयोगशाळेतलं काम जमत नाही ते यावरून सिद्धच झालं!

१९४७ मध्ये त्या ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात लागल्या. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती सफाई कामगाराची झाडू-बादल्या ठेवायची खोली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे तरुण डॉक्टर येऊन मिळाले. एकाला शरीर कळत होतं, दुसरीला किरणोत्सर्ग. पुढची बावीस वर्षं ही जोडी टिकली.

सुरुवातीला शोधायचं होतं भलतंच. मोठ्या वयात मधुमेह होणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन फार झपाट्याने नष्ट होत असावं, अशी तेव्हा एक कल्पना होती. ती तपासायला दोघांनी किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन टोचलं आणि ते रक्तातून किती वेगाने नाहीसं होतं ते पाहिलं. निकाल उलटा आला: मधुमेहींच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळत होतं. खरी गंमत पुढे आहे. मधुमेह नसलेल्या, पण मानसिक आजारावर इन्सुलिनचे शॉक घेतलेल्या पेशंटमध्येही तेच दिसलं. म्हणजे कारण मधुमेह नव्हे, टोचलेलं इन्सुलिन. ते तेव्हा गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. शरीर त्याला परकं समजून त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करत होतं आणि त्या अँटीबॉडी इन्सुलिनला धरून ठेवत होत्या.

इन्सुलिनसारख्या छोट्या रेणूविरुद्ध अँटीबॉडी बनतच नाही, असं तेव्हाचे तज्ज्ञ ठामपणे मानत. १९५५ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकाने लेख परत पाठवला. भांडण मुख्यतः त्या एका शब्दावर होतं. शेवटी शीर्षकातून ‘अँटीबॉडी’ गेली, तिथे ‘इन्सुलिन बांधून ठेवणारं ग्लोब्युलिन’ (म्हणजे रक्तातलं एक प्रथिन) आलं, आणि आमचा पदार्थ पाठ्यपुस्तकातल्या अँटीबॉडीच्या व्याख्येत कसा बसतो हे लेखात दाखवून द्यावं लागलं. १९५६ मध्ये लेख छापून आला.

याच अँटीबॉडीला त्यांनी मापाचं साधन केलं. एसटीत जागा ठरावीक, आणि स्टँडवर लाल टोपीवाले ठरावीक प्रवासी आहेत असं धरा. त्यांच्यात बिनटोपीचे प्रवासी घुसले, की तितके लाल टोपीवाले जागेवाचून खाली राहणार. खाली राहिलेल्या टोप्या मोजा, बिनटोपीचे किती होते ते कळतं. जागा म्हणजे अँटीबॉडी, लाल टोपी म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन, बिनटोपीचं ते पेशंटचं स्वतःचं इन्सुलिन. या पद्धतीचं नाव रेडिओइम्युनोअसे. ती वापरल्यावर दिसलं की मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. आज डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणतात, त्याला मोजमापाचा आधार मिळाला तो इथून.

पेटंट दोघांनी घेतलं नाही. त्यामुळे पद्धत जगभर पसरली: थायरॉइडचे हार्मोन, रक्तपेढीत कावीळ ‘बी’ची तपासणी, नवजात बाळांची थायरॉइड चाचणी. आता लॅबमध्ये किरणोत्सर्गाऐवजी बहुधा प्रकाश मोजतात, पण अँटीबॉडीने नेमका एकच पदार्थ पकडायचा ही कल्पना तीच.

बर्सन १९७२ मध्ये वारले आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. यॅलोंनी प्रयोगशाळेला त्यांचं नाव देऊन घेतलं, म्हणजे पुढच्या प्रत्येक लेखावर ते छापलं जाईल. १९७७ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. नोबेल व्याख्यानात त्यांनी १९५५ चं ते नकाराचं पत्र जसंच्या तसं छापलं.