खांद्याचा दस्ता: वापरण्याआधी हे वाचा

लांब लेन्सचा कॅमेरा खांद्याला टेकवून स्थिर धरता यावा म्हणून आम्ही हा दस्ता बनवतो. लांबून तो बंदुकीसारखा दिसतो. त्याचा उपयोग काय, आकार असा का, आणि तो घेऊन कुठे जाऊ नये, हे प्रत्येक ग्राहकाला नीट माहीत असायला हवं. म्हणून हे पत्रक दस्त्याबरोबरच देतो. दुकानात पाच मिनिटं बसून वाचलंत तरी चालेल.

उपयोग काय

नुसत्या हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग लेन्सच्या फोकल लेंथच्या (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) हिशेबात ठेवावा, हा जुना नियम आहे: ३०० मिलिमीटरला निदान सेकंदाचा तीनशेवा भाग, ६०० ला सहाशेवा. पहाटेच्या उजेडात एवढा वेग मिळत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बरंच सांभाळून घेतं, पण दोन किलोचं वजन पुढे तोलून धरल्यावर थोड्याच वेळात कोपरं थरथरायला लागतात. दस्ता तेच वजन खांद्यावर घेतो. डावा हात लेन्सखाली, उजवा मुठीवर, मागचं टोक खांद्याच्या खोबणीत आणि भुवई व्ह्यूफाइंडरला टेकलेली, असे चार आधार मिळतात.

याचा खरा फायदा होडीत कळतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीत ट्रायपॉड लावला, तर होडीची प्रत्येक हालचाल थेट कॅमेऱ्यात उतरते. दस्ता लावून बसलात तर ती तुमच्या कंबरेत आणि पाठीत जिरते. सुरय पाण्यावर घिरट्या घालत एकदम सूर मारतो, तेव्हा हात न हलवता कंबरेतून वळता येतं आणि पक्षी चौकटीत राहतो.

पक्षी स्वतः हलला म्हणून आलेला धूसरपणा मात्र दस्त्याने जात नाही, त्याला शटरचा वेगच लागतो. चालत व्हिडिओ काढायचा असेल तर गिंबल (कॅमेरा आपोआप स्थिर ठेवणारी मूठ) घ्या, दस्ता घेऊ नका.

आकार असा का

एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये पक्ष्यांचं उड्डाण अभ्यासण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला बारा चित्रं टिपायचा. पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यातून १९६५ पासून ‘फोटोस्नायपर’ निघू लागला: झेनिट कॅमेरा, ३०० मिलिमीटरची ताइर लेन्स आणि खाली दस्ता. लेन्सखालचं चाक डाव्या हाताने फिरवून फोकस करायचा. खटका ओढला की आधी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) ठरवलेल्या आकड्यावर मिटायचं, मग शटर सुटायचं. कॅमेऱ्याची पकड न सोडता सगळं व्हावं, ही त्यामागची बुद्धी. आमच्या खटक्यातही तीच आहे. अर्धा दाबला की फोकस, पूर्ण दाबला की फोटो.

समोरच्याला काय दिसतं

हा भाग कृपया वगळू नका.

४ सप्टेंबर २०१७ च्या रात्री अमेरिकेत ओहायो राज्यातल्या न्यू कार्लाइल गावात एका स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार विजांचे फोटो काढायला गाडीतून उतरला. त्याच्या हातातला कॅमेरा आणि ट्रायपॉड शेरीफच्या (तिथल्या पोलीसप्रमुखाच्या) अधिकाऱ्याला हत्यार वाटला आणि त्याने गोळी झाडली. छायाचित्रकार वाचला. त्याआधी १२ जुलै २००७ ला बगदादमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराची लांब लेन्स हेलिकॉप्टरमधल्या अमेरिकी सैनिकांना रॉकेट लाँचर वाटली. तो आणि त्याचा सहकारी, दोघेही मारले गेले.

या दोघांकडेही दस्ता नव्हता. साध्या ट्रायपॉडने आणि साध्या लेन्सने हे घडलं. खांद्याला दस्ता लावून, एक डोळा मिटून उभा असलेला माणूस शंभर पावलांवरून कसा दिसत असेल, याचा विचार आम्हाला रोज करावा लागतो.

म्हणून आमचा दस्ता काळ्या रंगात मिळत नाही. लष्करी हिरव्यातही नाही. मागणी येते, पण आम्ही नम्रपणे नकार देतो. लाकडी भागावर नारिंगी पट्टे असतात. ते घासून काढू नका, त्यावर कॅमोफ्लाज टेप गुंडाळू नका. लेन्सला झाकायचं असेल तर झाका, पक्ष्यांपासून लपायला तेवढं पुरतं.

दस्ता पिशवीतून न्या आणि जागेवर पोचल्यावरच जोडा. गाडीच्या सीटवर उघडा टाकू नका. गावाशेजारी असाल तर आधी तिथल्या माणसांशी बोला, कॅमेरा हातात द्या, व्ह्यूफाइंडरमधून बघू द्या. माणसांच्या, घरांच्या किंवा रस्त्याच्या दिशेने तो कधीही खांद्याला लावू नका. पोलिसांनी हटकलं तर त्यांच्याकडे वळून ‘कॅमेरा आहे’ म्हणत तो पुढे करू नका. आहात तिथेच थांबा, हात मोकळे दिसू द्या, ते सांगतील तसं करा आणि मग बोला.

छावणी भागात, विमानतळाच्या आसपास आणि गडचिरोलीच्या जंगलात तो अजिबात नेऊ नका. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. दस्ता हत्यार नाही, पण गेटवरच्या वनरक्षकाने अडवलं तर तो त्याचं कामच करतोय. तसंही ताडोब्याच्या जिप्सीत बीन बॅगच (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) जास्त सोयीची. विमानप्रवासात दस्ता सुटा करून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. हातातल्या सामानात तो नको.

जोडणी आणि निगा

दस्ता लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावा, कॅमेऱ्याच्या तळाला नाही. नाहीतर वजन पुढे झुकतं आणि माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या जागी, ताण येतो. मागची पट्टी सरकवून लांबी अशी ठेवा, की मान पुढे न काढता डोळा व्ह्यूफाइंडरवर येईल. जाड जॅकेट घातल्यावर ती पुन्हा कमी करावी लागते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच.

खटक्याची वायर कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणे वेगळी असते. तिचा कॅमेऱ्याकडचा सॉकेट हा सगळ्यात नाजूक भाग आहे. वायरला थोडी ढील देऊन ती मुठीजवळच्या खाचेत अडकवा, म्हणजे झटका सॉकेटपर्यंत जाणार नाही. दस्ता घ्यायला येताना स्वतःचा कॅमेरा आणि नेहमीची लेन्स घेऊन या. लांबी आणि वायर दोन्ही आम्ही दुकानातच बसवून देतो.