नखं सुइणीची, केस बाळंतिणीचे

माझ्या भाचीला नववा लागला आणि ती बाळंतपणासाठी कोल्हापूरला आईकडं आली. एक दिवस राजारामपुरीत माझ्याकडं आली होती. डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, दवाखान्याची फाईल, सगळं बोलून झालं. निघताना चप्पल पायात सरकवता सरकवता तिनं हळूच विचारलं, "मावशी, आधी पार्लरला जाऊन येऊ काय? पोटामुळं खालचं काही दिसत नाही मला. डॉक्टर काय म्हणतील?" कळांबद्दल, टाक्यांबद्दल ती मोठ्यानं बोलली होती. आवाज खाली गेला तो या एका प्रश्नाला.

डॉक्टरांना तिनं हे विचारलेलं नव्हतं. मीही माझ्या वेळी विचारलं नव्हतं. ही लाज आज्या-पणज्यांकडून चालत आली असं आपण धरून चालतो. मला मात्र मागं जाता जाता दिसलं की तिचा मोठा भाग दवाखान्याच्या एका नियमातून आला आहे: बाळंतपणाआधी बाईचे खालचे केस काढायचे. आणि तो नियम बाळंतिणीच्या अंगाशी येऊन थांबला असला तरी त्याची सुरुवात झाली होती ती तिला हात लावणाऱ्यांच्या हातांपासून.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, प्रसूतीच्या वेळी जवळ कोण असावं हे सांगितलं आहे. जिच्याबद्दल मनात शंका येणार नाही अशा चार स्त्रिया, वयानं पोक्त, बाळंतपणात कुशल, आणि 'कर्तितनखाः', म्हणजे नखं कापलेल्या. गर्भिणीनं काय करायचं? तिला तेल लावायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि पोटभर यवागू, म्हणजे पेज, पाजायची. अंगावरचे केस काढायची सूचना त्या वर्णनात नाही. स्वच्छतेची अट आहे ती सुइणीच्या बोटांना. या एका शब्दापाशी मी फार वेळ थांबले होते.

आपल्याकडच्या घरच्या बाळंतपणातही वस्तऱ्याला जागा नव्हती. लुगडं अंगावरच असायचं, खोली अंधारी, जवळ आई, चुलती आणि सुईण. ते दिवस फार सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. अडलेली बाई त्याच अंधाऱ्या खोलीत जायची, आणि सुइणीची नखं दर वेळी कापलेली असतील याची खात्री कुणी द्यायची? पण उघडं पडण्याची लाज तिथं कमी होती. वस्तरा हे न्हाव्याचं हत्यार. काही जातींत तो बाईच्या वाट्याला यायचा तो विधवेच्या केशवपनात. त्याविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांनाच उभं केलं. बाईच्या अंगाला वस्तरा लागणं ही आपल्या समाजाच्या आठवणीत मुळात मानहानीची गोष्ट होती. पुढं लेबर रूममध्ये ती 'तयारी' म्हणून आली, तेव्हा तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोललं नाही यात नवल नाही.

बाळंतपण आणि संकोच यांचा विचार करताना कोल्हापूरला एका नावाशी थांबावंच लागतं. आनंदीबाई जोशी काही काळ याच शहरात राहिल्या, नवऱ्याच्या बदलीमुळं, आणि इथल्या मिशनच्या शाळेत शिकल्या. त्याआधी चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि दहा दिवसांत गेलं होतं. १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे ते जाहीरपणे सांगितलं. परपुरुषाला अंग दाखवायच्या संकोचानं बायका दुखणं अंगावर काढत होत्या, हे तेव्हाच्या घराघरातलं वास्तव होतं. पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंध लिहिला तोही आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून केली. टाऊन हॉलजवळचं आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ते हेच. आनंदीबाई त्या वॉर्डात रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शाहू महाराजांच्या काळात, याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्या. प्रसूतीचं पुढचं शिक्षण घ्यायला त्या आयर्लंडमध्ये डब्लिनला जाऊन आल्या होत्या. सीपीआरच्या रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. त्यातल्या किती पोरींना हे माहीत असेल, असं मला दर वेळी वाटतं.

आता तो नियम.

१८४७ साल, व्हिएन्नाचं सरकारी रुग्णालय. तिथं प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. आधीच्या सहा वर्षांत पहिल्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाळंतिणी सूतिकाज्वरानं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापानं, मरत होत्या, सुइणींकडं चारच्या आसपास. बायका पहिल्या विभागात जायचं नाही म्हणून हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडं येतात. त्यानं क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. दोष हातांचा होता. वरिष्ठांना ते पचलं नाही. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लानं जखमा निर्जंतुक ठेवायची पद्धत मांडली, आणि मग शस्त्रक्रियेची अख्खी दुनियाच जंतूंच्या मागं लागली.

इथं काटा फिरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांत बाळंतपण घरातून हॉस्पिटलात येऊ लागलं आणि गर्भवतीला ऑपरेशनच्या पेशंटसारखं 'तयार' करायची पद्धत पडली. केस म्हणजे जंतूंचं घर, म्हणून ते काढा, एनिमा द्या, खालचा भाग औषधी पाण्यानं धुवा. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डिली यांनी बाळंतपणात नेमानं योनीच्या तोंडाशी छेद घ्यावा आणि बाळ ओढून काढायला चिमटा लावावा अशी मांडणी केली. छेद आला की टाके आले, आणि टाके घालायला जागा मोकळी हवी हे दुसरं कारण मिळालं. योगायोग असा की त्याच सुमाराला, १९१५ मध्ये, जिलेट कंपनीनं बायकांसाठी पहिला रेझर बाजारात आणला होता. इकडं दवाखाना केसांना अस्वच्छ म्हणत होता, तिकडं बाजार त्यांना कुरूप म्हणत होता.

नियमाला पुरावा होता का? १९२२ मध्येच अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी ३८९ बायकांवर हे तपासलं होतं. एकीचे केस पूर्ण काढायचे, दुसरीचे नुसते कात्रीनं बारीक करायचे, असं आलटून पालटून. तापाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. १९६५ मध्ये पुन्हा तसंच दिसलं. १९७१ मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमांचा एक अभ्यास आला: वस्तऱ्यानं केस काढलेल्यांत जखमेत जंतुसंसर्ग ५.६ टक्के, क्रीम वापरलेल्यांत किंवा केस तसेच ठेवलेल्यांत ०.६ टक्के. कारण साधं आहे. ब्लेड फिरलं की कातडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तीच वाट मिळते. म्हणजे जंतू घालवायला आणलेलं हत्यार जंतूंनाच दार उघडून देत होतं. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या बैठकीत जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की बाळंतपणाआधी केस काढायला आणि एनिमा द्यायला कारण नाही. १९९६ च्या मार्गदर्शिकेत या दोन्ही गोष्टी, सरसकट करायच्या असतील तर, बंदच कराव्यात अशा यादीत गेल्या.

माझं पहिलं बाळंतपण त्याच वर्षीचं, १९९६ चं. कळा सुरू होत्या. दवाखान्यातल्या मावशींनी ट्रे आणला, त्यात कापूस, ब्लेड आणि वास मारणारं औषधी पाणी. दार अर्धं उघडं होतं. "पाय फाकव, हलू नको," एवढंच बोलणं. एक कळ ओसरून दुसरी यायच्या आत त्यांना काम उरकायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना तसंच शिकवलं होतं. पण त्या दिवशी मला वाटलं की मीच घाण होते, म्हणून हे करावं लागलं. आणि मग बाजेवर शेक घेत पडलेली असताना केस परत यायला लागले, टाक्यांच्या आजूबाजूला अशी काही खाज सुटली की बाळाला पाजताना डोळ्यांत पाणी यायचं. आईला सांगितलं नाही. सासूबाईंना तर नाहीच.

अशा किती जणी? २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, २०१५-१६ मध्ये ९०.३ आणि २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. त्यामुळं जीव वाचले आणि ते मोठंच काम झालं. पण दवाखाना जिथं जिथं गेला तिथं त्याच्या सवयीही गेल्या. लेबर रूममध्ये ब्लेड फिरणार म्हणून बायका घरूनच करून यायला लागल्या. पुढं पार्लरं गल्लोगल्ली आली, आणि दवाखान्याचा जुना हुकूम आपल्याच आवडीनिवडीसारखा वाटू लागला. माझी भाची ब्लेडला घाबरून विचारत नव्हती. 'डॉक्टर काय म्हणतील' याला घाबरून विचारत होती. मला हे ब्लेडपेक्षा जास्त लागतं.

नववा महिना आधीच अंगाशी फार खेळतो. मान आणि काखा काळवंडतात, बेंबीखाली काळी रेघ उमटते. हा संप्रेरकांनी वाढवलेला रंग आहे, मळ नव्हे. उटण्यानं घासून तो जात नाही, बाळंतपणानंतर काही महिन्यांत हळूहळू फिका होतो. केस दाट वाटतात, कारण या दिवसांत ते कमी गळतात. रक्तपुरवठा वाढल्यामुळं खालची कातडी नाजूक झालेली असते, म्हणून वॅक्सिंग नेहमीपेक्षा जास्त झोंबतं. आणि जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही ती गोष्ट: जोर करताना संडास होणं. बाळाचं डोकं खाली येताना गुदाशयावर दाबतं, तेव्हा आत असेल ते बाहेर येणारच. सिस्टरांना त्यावरून कळतं की डोकं खाली आलंय. त्या पुसून टाकतात आणि पुढं जातात. याच लाजेपोटी काही बायका जोर अडवून धरतात. एनिमानं हे टळतं आणि संसर्ग कमी होतो, असं धरून वर्षानुवर्षं तो दिला गेला. चार चाचण्यांतल्या १,९१७ बायकांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा संसर्गात फरक सापडला नाही. केस काढण्याबद्दलही तीन चाचण्यांतल्या १,०३९ बायकांची अशीच बेरीज झाली. उत्तर तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींत नेमानं केस काढायला नकार आहे, आणि २०१८ च्या शिफारशींत केस काढणं आणि एनिमा दोन्हींना. सिझेरियन असेल आणि छेदाच्या जागी केस आडवे येत असतील, तर तेवढेच, तेही ट्रिमरनं. ब्लेड नको.

आपल्या सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा लेबर रूम सुधारणेचा कार्यक्रम आणला. त्यात टेबलांमध्ये पडदे, सोबतीला घरचं माणूस आणि बाळंतिणीशी नीट वागणं या गोष्टी अटी म्हणून आल्या. पडदा लावण्यासाठी एवढी वर्षं जावी लागली याचं मला वाईट वाटतं. आला याचा आनंदही आहे.

भाचीला मी हे सगळं सांगत बसले नाही. "पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच विचार, मी येते बरोबर," एवढं म्हटलं. ती तपासणीच्या टेबलावर होती तेव्हा मी पडद्याच्या अलीकडं बाकावर. दोनदा आवंढा गिळून तिनं विचारलं. डॉक्टर बाईंनी फाईलमध्ये लिहिता लिहिताच सांगितलं, "फार वाढलेत असं वाटलं तर घरी कात्रीनं बारीक कर, कुणाची तरी मदत घे. नाहीतर राहू देत तसेच. ब्लेड नको, वॅक्स नको. सिझर करायची वेळ आली तर वरचे तेवढे आम्ही काढू." मग भाचीनं दुसरा प्रश्नही विचारून टाकला, संडासचा. डॉक्टर बाई म्हणाल्या, "झाली तर झाली. तू जोर थांबवायचा नाहीस."

भाची पडद्याबाहेर आली, तर माझ्या शेजारी बसलेली, आठव्या-नवव्यातली एक मुलगी पदर सावरत उठली आणि भाचीच्या कानाशी येऊन म्हणाली, "काय सांगितलं ओ मॅडमनी? कात्रीचं?"