लांब मारते ती बॅटरी, आणि कामाला येते ती बॅटरी

तालुक्याच्या दुकानात बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार एकच प्रयोग करून दाखवतो. (बॅटरी म्हणजे टॉर्च. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, पण दुकानात विजेरी मागितली तर समोरचा नुसता बघत राहील.) तो उठून दारात येतो, रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर झोत टाकतो आणि म्हणतो, "बघा, किती लांब मारते!" टाकीवर पांढराशुभ्र गोळा उमटतो. गिऱ्हाईक खूश.

तीच बॅटरी घेऊन रात्री विहिरीवर मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडावी. एक स्क्रू असा चकाकतो की डोळे दिपतात, आणि त्याच्या शेजारची वायर लाल की निळी ते समजत नाही. हात जरा हलला की गोळा भलतीकडे जातो. शेवटी मान वाकडी करून ती दातात धरायची. बॅटरी खराब नसते. ती दुसऱ्या कामाची असते, इतकंच.

लांब झोताची आणि पसरट उजेडाची बॅटरी बाहेरून सारखीच दिसते. खोक्यावर लुमेनचा आकडाही सारखा असू शकतो, आणि घोटाळा तिथेच होतो. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे आणि किती दाटीने पडतो, हे लुमेन सांगत नाही. ते सांगणारं माप कॅंडेला. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाफा ओलांडून पलीकडे उडतं. तेच पाणी झारीतून सोडलं तर रोपांवर सारखं पडतं. पाणी दोन्हीकडे तेवढंच.

आकडेमोड करून पाहू. दोन बॅटऱ्या, दोन्ही ३०० लुमेनच्या. सोयीसाठी धरू की सगळा प्रकाश एकसारखा पसरतो. पहिलीचा झोत १० अंशांचा, दुसरीचा ९० अंशांचा. पहिलीचे होतात सुमारे १२,५०० कॅंडेला, दुसरीचे जेमतेम १६०. ऐकायला पहिली कितीतरी सरस. आता दोन्ही अर्ध्या मीटरवर धरा, म्हणजे पेटीत डोकावताना हात जिथे असतो तिथे. पहिलीचा गोळा ९ सेंटिमीटरचा, बशीएवढाही नाही, आणि त्यात सुमारे ५०,००० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती दाट उजेड पडतो त्याचं माप). हा जवळजवळ दिवसाढवळ्याचा उजेड झाला. दुसरीचं वर्तुळ एक मीटर रुंद आणि त्यात साडेसहाशे लक्सच्या आसपास. बारीक काम करायला हे पुष्कळ झालं.

यात डोळ्याचाही दोष आहे. प्रखर गोळ्याकडे पाहताच बाहुली आकसते आणि भोवतीचं जे एरवी अंधुक दिसलं असतं तेही काळं पडतं. त्यात तांब्याचं टर्मिनल किंवा पत्र्याची पेटी असली की तिरीप उलटून तोंडावर येते. कामाला प्रखर उजेडापेक्षा सारखा उजेड हवा. मधे गोळा, भोवती कडं, मग पुन्हा अंधार, असे टप्पे पडले की डोळा प्रत्येक टप्प्याशी जुळवून घेत दमतो.

आता ३० मीटरवर जाऊ. पहिली तिथे १४ लक्स देते, दुसरी ०.२ च्याही खाली. निरभ्र रात्री पौर्णिमेचं चांदणं साधारण ०.२५ लक्स असतं, म्हणजे दुसरी चांदण्यापेक्षाही फिकी. उसाच्या फडाच्या टोकाला काय हललं ते बघायचं, खोल विहिरीतलं पाणी बघायचं किंवा खांबावरची तार तुटलीय का पाहायचं, तर लांब मारणारीच लागते. तिथे पसरट बॅटरी नेणं म्हणजे झारीने आग विझवणं. बांधावरून चालताना मात्र पुन्हा पसरटच बरी. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला निघालेल्या माणसाला दूरचं झाड दिसून उपयोग नसतो. पावलापुढचं तीन-चार मीटर आणि दोन्ही बाजूंचं गवत दिसायला हवं, कारण घोणस वाटेच्या बरोबर मधे बसेलच असं नाही.

खोक्यावर अंतर मीटरमध्ये छापलेलं असेल तर त्यातून बरंच कळतं. टॉर्चसाठी एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेचं एफएल-१ नावाचं मानक आहे. त्यात अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सवर, म्हणजे त्या चांदण्याइतका उतरतो ती जागा. म्हणून "२०० मीटर" वाचून २०० मीटरवरचा माणूस ओळखू येईल असं समजू नये. या आकड्याला दोनने भागून वर्ग केला की कॅंडेला मिळतात: २०० मीटरचे १०,०००, तर ६० मीटरचे ९००. मग कॅंडेलाला लुमेनने भागायचं. उत्तर दोन-तीनच्या आत आलं तर उजेड पसरट, वीसच्या पुढे गेलं तर झोत. थोडक्यात, लुमेन तेवढेच असतील तर कामाच्या बॅटरीचा मीटरचा आकडा लहान हवा. दुकानदाराला हे सांगून पाहा, तो तुमच्याकडे संशयानेच बघेल.

पुढची काचही बोलकी असते. आत खोल, आरशासारखी गुळगुळीत वाटी असेल तर झोत लांब. वाटी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असेल तर गोळ्याची कडा विरघळते, पण गोळा राहतोच. वाटीच नसेल आणि दुधी किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या खाचांचं भिंग असेल, तर बहुधा पसरट.

पुढे-मागे सरकणाऱ्या डोक्याच्या झूम बॅटरीला जाणकार नाकं मुरडतात. डोकं पुढे ओढलं की बराच प्रकाश आतच वाया जातो आणि भिंतीवर एलईडीचा चौकोन उमटतो. सरकत्या सांध्यातून धूळ-पाणीही जातं. पण डोकं मागे ढकललेलं असताना ती चांगलं रुंद, सपाट वर्तुळ देते. कमी पैशात एवढंच हवं असेल तर माझी तक्रार नाही. डोकं पुढे ओढायचंच नाही, झालं.

रंगाकडे लोक बघत नाहीत, आणि वायरमनने तरी बघावं. स्वस्त निळसर पांढऱ्या उजेडात लाल वायर मळकट तपकिरी दिसते, त्यात ती जुनी आणि धुळीने माखलेली असली की संपलंच. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वर लिहिलेलं असेल तर चार पैसे जास्त द्यावेत, लुमेन थोडे कमी मिळाले तरी. आणि मंद उजेडावर ठेवून बॅटरी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावी. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय. अशा उजेडात फिरता पंखा किंवा पुली थांबल्यासारखी भासू शकते, आणि तिथे हात घालणारा माणूस पुन्हा तसं करायच्या स्थितीत राहत नाही.

सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हसून खाली ठेवावा. १८६५० आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेलमध्ये खरा माल साधारण ३५०० च्या पुढे फारसा जात नाही. सेलबद्दल जो खोटं बोलतो तो लुमेनबद्दल खरं कशाला बोलेल?

घरात आधीच लांब मारणारी असेल तर नवी घ्यायची घाई नको. बाथरूमच्या खिडकीला लावतात त्या दुधी फिल्मचा तुकडा काचवाल्याकडे कात्रणात मिळतो. एक रुपयाचं नाणं ठेवून गोल कापा आणि बॅटरीच्या काचेपेक्षा लहान पडला तर नाणं बदला. चिकटवला की गोळा विरतो. थोडा प्रकाश खाल्ला जातो, पण जवळच्या कामात ते जाणवत नाही. बॅटरी फार तापत असेल तर मात्र पूर्ण ताकदीवर चालवू नका, नाहीतर फिल्म वितळून काचेला बसेल.

आणि नवीच घ्यायची असेल तर दुकानदाराला टाकीकडे जाऊ देऊ नका. आत, काउंटरमागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर लावून बघा. भिंतीवर कॅलेंडर असतंच. बॅटरी न हलवता अख्खा महिना, तिथीच्या बारीक अक्षरांसकट, वाचता आला पाहिजे.