एम-सँडचं बांधकाम टिकत नाही? खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घर बांधायला काढलं की कुणीतरी हमखास सांगतंच, "एम-सँड घालू नका, दहा वर्षांत तडे जातात." हे खरं नाही. एम-सँड म्हणजे दगड फोडून, दाण्यांना आकार देऊन, चाळून केलेली वाळू. आयएस ३८३ या भारतीय मानकात (२०१६) ती रीतसर बसते.

गैरसमजाचं मूळ क्रशरच्या डस्टमध्ये, म्हणजे खडी फोडताना उरणाऱ्या भुकटीत आहे. स्वस्त म्हणून तीच एम-सँडच्या नावानं ट्रॅक्टरमधून उतरते. चपटे दाणे, भरमसाठ पूड. कालवलेला माल कोरडा वाटतो, गवंडी वरून पाणी ओततो आणि ताकद तिथंच घटते. खापर फुटतं एम-सँडवर. (नदीच्या वाळूतली माती मात्र कुणी बघत नाही!) मानकानुसार फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची (०.०७५ मिलिमीटरपेक्षा बारीक) पूड १५ टक्क्यांच्या वर नको.

घरमालकाला पटवायला भाषण नको. एम-सँड आणि नदीची वाळू, दोन्हींचे काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे एकाच प्रमाणात भरा, २८ दिवस पाण्यात ठेवा आणि लॅबमध्ये त्याच्यासमोर फोडा. गिलाव्याला मात्र बारीक चाळलेली प्लास्टर सँडच मागवा; तिथं जाड एम-सँडबद्दल गवंड्याची कुरकुर रास्त आहे.